गर्दीतली श्रद्धा, घरातली शंका



काळेवाडीत रविवारची सकाळ इतर दिवसांहून निराळी असते. आठवडाभर पहाटेपासून चाकणच्या दिशेने धावणाऱ्या कंपन्यांच्या बसगाड्या त्या दिवशी थोड्या विसावतात आणि रस्त्यावर वेगळीच माणसे दिसू लागतात. पवनेच्या पुलावरून कोणी चिंचवडला मोरया गोसावींच्या दर्शनाला निघालेले असते, कोणी देहूची किंवा आळंदीची वाट धरतात, कोणी सोवळे नेसून जिनमंदिरात अभिषेकासाठी जातात. याच वाटांवर आणखी काही कुटुंबे दिसतात. पिशवीत पवित्र शास्त्राचे जाड पुस्तक, अंगावर ठेवणीतली साडी, हाताशी नुकती न्हाऊमाखू घातलेली मुले. ही मंडळी मोठ्या सभागृहातील प्रार्थनेला निघालेली असतात. तेथे व्यासपीठ असते, वाद्यवृंद असतो, गाण्याचे शब्द पडद्यावर उमटतात आणि शेकडो माणसे एकाच वेळी हात उंचावून गातात.

आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहणारी एक शेजारीण वर्षभरापासून अशा प्रार्थनेला जाऊ लागली. मराठवाड्यातून आलेले हे कुटुंब. पती चाकणला कंत्राटी कामगार. शिफ्ट बदलली की घराची झोप बदलते. सहा वर्षांच्या मुलाला फिट्स येत असत. नात्याचे माणूस दोनशे कोसांवर आणि शेजाऱ्यांची दारे बंद, अशा अवस्थेत ती येथे दोन वर्षे राहिली होती. तिच्या या रविवारच्या जाण्याची चर्चा इमारतीत सुरू झाली. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिला बोलवावे की नाही, असा प्रश्न एका भगिनीने काढला. घरमालकाला सांगून करार पुढे वाढवू देऊ नये, असेही कोणी सुचवून पाहिले. आम्ही सारे गप्प राहिलो. त्या गप्प राहणाऱ्यांत मीही होते, हे आधीच कबूल करते.

आमच्याच घरात या विषयाला दुसरी बाजू होती. माझा भाचा अभियंता आहे, नोकरीनिमित्त आमच्याकडे राहतो. त्याचा कशावरच विश्वास नाही. जिन्यात ती भेटली, तेव्हा तिने मोठ्या उमेदीने त्याला सांगितले की प्रार्थनेमुळे मुलाला दोन महिन्यांत झटका आलेला नाही. तो हसला आणि म्हणाला, "वहिनी, दोन महिने गोळ्या वेळेवर दिल्या असतील. प्रार्थनेने बरे होत असते तर रुग्णालये कशाला बांधली असती?" बोलणे खरेच होते. पण त्या दिवसापासून तिने त्याच्याशी बोलणे सोडले.

रात्री जेवताना मी त्याला म्हटले, "अरे, एवढे तोडून बोलायचे काय कारण होते?"

"आत्या, खोट्याला खोटे म्हणायचे नाही का? आणि रागवू नकोस, पण आपल्या मंदिरात नारळ घेऊन मुलाच्या परीक्षेसाठी पूजा मांडणाऱ्यांत आणि तिच्यात फरक काय?"

मी उत्तर दिले नाही. उत्तर सुचले नाही म्हणून. हा लेख त्या न दिलेल्या उत्तरातून लिहीत आहे.

ज्यांना आज जगभर 'मेगाचर्च' म्हणतात त्यांची रूढ व्याख्या अगदी साधी आहे: दर आठवड्याला दोन हजारांहून अधिक उपस्थिती असलेले प्रोटेस्टंट चर्च. अमेरिकेत ह्यूस्टन येथील लेकवुड चर्चने २००५ मध्ये एक जुने बास्केटबॉलचे क्रीडागार आपले प्रार्थनागृह केले. तेथे सुमारे सोळा हजार माणसे बसतात. दक्षिण कोरियाची राजधानी सोल येथील योइदो फुल गॉस्पेल चर्च १९५८ मध्ये मूठभर माणसांवर सुरू झाले आणि त्याची सदस्यसंख्या पुढे लाखांत मोजली जाऊ लागली. आपल्या देशातही हैदराबाद, चेन्नई, मुंबई अशा शहरांत हजारोंची प्रार्थनासभा ही आता नवलाईची गोष्ट राहिलेली नाही.

एवढी माणसे तेथे का जातात? दिव्यांचा झगमगाट, संगीत, प्रभावी वक्तृत्व ही उत्तरे वरवरची आहेत. सोलच्या त्या चर्चचे संस्थापक डेव्हिड योंगी चो १९६४ मध्ये अतिश्रमाने आजारी पडले. सगळा भार एकट्याने वाहणे अशक्य झाल्यावर त्यांनी शहरभर घरोघरी लहान लहान गट उभे केले आणि त्यांचे नेतृत्व मुख्यतः स्त्रियांकडे सोपवले. दहा-बारा घरांचा एक गट. कोणाच्या घरी आजारपण आहे, कोणाची नोकरी गेली, कोणाच्या मुलीचे लग्न ठरले, हे त्या गटाला आधी कळते. खेड्यातून कारखान्यांच्या शहरात लोटलेल्या कोरियन माणसाला आपली विचारपूस करणारे कोणी मिळाले, ते त्या गटात. रविवारची प्रचंड सभा या लहान गटांच्या आधारावर उभी राहिली.

हे वाचताना मला काळेवाडी आठवली. येथेही बहुसंख्य माणसे बाहेरगावची. कोणी लातूर-नांदेडचे, कोणी विदर्भाचे, कोणी बिहार-उत्तर प्रदेशचे. आम्हीही सांगलीकडून आलो ते कारखान्याच्या नोकरीसाठीच. फरक इतकाच की आम्हाला येथे पोहोचताच मंदिर मिळाले, समाजाचे मंडळ मिळाले, पर्वाच्या दिवशी पंगतीत ताट मिळाले. माझ्या शेजारणीला यातले काहीच मिळाले नव्हते. मुलाला पहिल्यांदा मोठा झटका आला तेव्हा पती रात्रपाळीला होता. तिने तीन दारे वाजवली. चौथ्या दिवशी तिच्या घरी ज्या चार बायका भाकरी-भाजीचा डबा घेऊन आल्या, त्या प्रार्थनागटातल्या होत्या. ती तेथे का जाऊ लागली, याचे उत्तर शोधायला आम्हाला धर्मशास्त्राची आवश्यकता नव्हती. वाजवलेल्या तीन दारांतले एक आमचे होते. त्या रात्री आम्ही गावी गेलो होतो, असे मी स्वतःला अनेकदा सांगितले आहे. परत आल्यावर मात्र मी एकदाही वर गेले नव्हते.

आता नाण्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. गर्दीला आधार देण्याची शक्ती असते, तशीच भुलवण्याचीही असते. याच चो यांना २०१४ मध्ये कोरियातील न्यायालयाने चर्चच्या निधीच्या अपहारप्रकरणी दोषी ठरवले आणि स्थगित कारावासाची शिक्षा सुनावली. कॅलिफोर्नियातील गार्डन ग्रोव्ह येथील रॉबर्ट शुलर यांची कथाही बोधप्रद आहे. मोटारीत बसून चित्रपट पाहण्याच्या एका मैदानात १९५५ मध्ये त्यांनी प्रवचने सुरू केली. १९८० मध्ये दहा हजारांहून अधिक काचांचे भव्य मंदिर उभे राहिले. त्याला 'क्रिस्टल कॅथेड्रल' म्हणत. दूरचित्रवाणीवरून ती प्रवचने जगभर गेली. २०१० मध्ये त्या संस्थेने दिवाळखोरी जाहीर केली आणि ती वास्तू तेथील रोमन कॅथलिक धर्मप्रांताला विकावी लागली. वास्तू आजही उभी आहे, तेथे प्रार्थनाही होते. ज्यांनी ती देणग्या देऊन उभारली त्यांच्या हातून मात्र ती गेली.

याउलट शिकागोजवळच्या विलो क्रीक या मोठ्या चर्चने २००७ मध्ये स्वतःचीच पाहणी प्रसिद्ध केली. कार्यक्रमांत अधिक भाग घेणारी माणसे आपोआप आध्यात्मिक दृष्ट्याही पुढे जातात, हा आपला समज टिकत नाही, असे त्यांनी मोकळेपणाने मान्य केले. स्वतःच्या घरात शंकेला जागा देण्याचे हे धैर्य मला आदरणीय वाटते.

हे सारे दूर देशीचे, असे कोणी म्हणेल. परंतु या इतिहासाचे एक महत्त्वाचे पान आपल्या पुणे जिल्ह्यातच लिहिले गेले आहे. दौंड तालुक्यातील केडगावी पंडिता रमाबाईंचे मुक्ती सदन आहे. संस्कृतच्या पांडित्यामुळे १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी जिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या, तीच ही स्त्री. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये तिने बाप्तिस्मा घेतला, तेव्हा महाराष्ट्रात केवढा क्षोभ झाला हे सर्वविदित आहे. १८८९ मध्ये मुंबईत तिने विधवांसाठी शारदा सदन काढले, पुढच्या वर्षी ते पुण्यात आणले. दुष्काळात अनाथ झालेल्या शेकडो मुलींना तिने केडगावला आश्रय दिला. १९०५ च्या उन्हाळ्याअखेर त्या मुलींमध्ये प्रार्थनेची एक विलक्षण लाट आली. मुली तासन्‌तास मोठ्याने प्रार्थना करीत, रडत, आपले अपराध सांगत. अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवर १९०६ मध्ये जी चळवळ सुरू झाली आणि जिच्यातून आजची बरीच मोठी प्रार्थनामंदिरे उगम पावली असे मानतात, तिच्या सुमारे वर्षभर आधीची ही घटना. हात उंचावून गाणारी जी गर्दी आपल्याला परदेशी वाटते, तिचा एक झरा भीमेच्या खोऱ्यात मराठी मुलींमध्ये फुटला होता.

आणि तरीही रमाबाई ही केवळ भावनेच्या भरात वाहणारी स्त्री नव्हती. इंग्लंडमधील ज्या धर्मभगिनींनी तिला आसरा दिला, त्यांच्याशी तिने वर्षानुवर्षे पत्रांतून वाद घातला. येशूचे ईश्वरत्व, त्रैक्याचा सिद्धान्त, धर्मगुरूंचा अधिकार या गोष्टी केवळ सांगितल्या म्हणून तिने मान्य केल्या नाहीत. एका धर्माच्या पुरोहितांचे जोखड टाकले ते दुसऱ्यांचे खांद्यावर घेण्यासाठी नव्हे, अशी तिची वृत्ती होती. आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत मूळ भाषा अभ्यासून तिने बायबलचे मराठी भाषांतर केले. १९२२ मध्ये तिचे निधन झाले. तिची श्रद्धा स्वीकारणे न स्वीकारणे हा वेगळा प्रश्न. पण श्रद्धा आणि शंका एकाच मनात आयुष्यभर सुखाने नांदू शकतात, हे तिच्याकडून शिकता येते.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांचेही तसेच. १८९५ मध्ये ते ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'मध्ये त्या काळाची जी कहाणी सांगितली आहे, ती वाचताना धर्मांतर म्हणजे घरातल्या माणसांसाठी काय असते हे कळते. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' उभारला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले दोघेही त्यात येऊ शकत. ज्या संस्थेने आपल्याला घडवले तिलाही प्रश्न विचारण्याचे स्वातंत्र्य त्यांनी सोडले नाही.

आता संशयवाद्यांकडे वळू. माझ्या भाच्याचे पूर्वसूरी या पुण्यातच होऊन गेले. गोपाळ गणेश आगरकरांनी १८८८ मध्ये 'सुधारक' काढले आणि देवतांच्या कल्पना माणसाच्या मनात कशा उपजल्या असतील याची निर्भय चिकित्सा केली. लोकांनी त्यांच्या जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली. अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी, १८९५ मध्ये ते गेले. आपल्या काळात डॉ. नरेंद्र दाभोलकर झाले. १९८९ मध्ये त्यांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली. आमचा विरोध देवाला किंवा धर्माला नाही, शोषण करणाऱ्या अंधश्रद्धेला आहे, हे सांगत ते गावोगाव हिंडले. २० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी पुण्यात ओंकारेश्वर पुलाजवळ त्यांची गोळ्या झाडून हत्या झाली. त्याच वर्षी डिसेंबरात विधिमंडळाने जादूटोणाविरोधी कायदा मंजूर केला. साप, विंचू किंवा कुत्रे चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचार घेण्यापासून रोखून मंत्रतंत्र करणे हा आता या राज्यात गुन्हा आहे. प्रश्न विचारणाऱ्या माणसाने किती मोठे मोल दिले, हे आपण विसरता कामा नये.

दाभोलकरांची एक गोष्ट मात्र अनेक तरुण संशयवादी विसरतात. ते लोकांमध्ये बसून बोलत. समोरच्याच्या श्रद्धेला हसून त्याचा प्रश्न सुटत नाही, हे ते जाणत होते. माझ्या भाच्याचे म्हणणे बरोबर होते आणि तरी त्याच्या हसण्याने एक दार बंद झाले. त्याचा परिणाम किती गंभीर होऊ शकला असता, ते पुढे सांगते.

आधी आपल्या घराकडे पाहू. कारण भाच्याचा प्रश्न मला उद्देशून होता. आपल्या परंपरेत जगाचा कर्ता ईश्वर नाही. तीर्थंकर कोणाला वर देत नाहीत, कोणाचे कर्म पुसून टाकत नाहीत. ते मार्ग दाखवतात. समंतभद्राचार्यांनी 'आप्तमीमांसे'च्या आरंभीच मोठे धाडस केले आहे. देव येतात, आकाशातून गमन होते, चामरे ढाळली जातात, हे सारे जादूगारांच्या ठायीही दिसते. तेवढ्यावरून मी तुम्हाला थोर मानणार नाही, अशा आशयाचे उद्गार ते साक्षात जिनेंद्राला उद्देशून काढतात. त्यांच्याच 'रत्नकरंड श्रावकाचारा'त तीन मूढता सांगितल्या आहेत: लोकमूढता, देवमूढता आणि गुरुमूढता. सगळे करतात म्हणून करणे, इच्छापूर्तीच्या लोभाने रागद्वेषयुक्त देवतांची उपासना करणे, आणि केवळ वेष पाहून कोणालाही गुरू मानणे. आठव्या शतकातील हरिभद्रसूरींनी तर स्पष्ट म्हटले की महावीरांविषयी आपला पक्षपात नाही आणि कपिलादिकांचा द्वेष नाही. ज्याचे वचन युक्तीला धरून असेल ते स्वीकारावे. शंकेला एवढ्या मानाने आत घेणारी परंपरा आपल्याला लाभली आहे.

परंतु आपण तिचे काय केले? प्रतिष्ठामहोत्सवांचे मांडव मोठे होत गेले. पडदे आले, ध्वनिक्षेपक आले, बोलीचा आकडा पुकारला की टाळ्या वाजू लागल्या. मुनिसंघाच्या विहारात पाय धुणाऱ्यांची रांग लांब आणि प्रवचनातले चार शब्द टिपून घेणारे थोडे. गर्दी वाईट असे मी म्हणत नाही. श्रवणबेळगोळच्या महामस्तकाभिषेकाच्या गर्दीत मीही डोळे भरून उभी राहिले आहे. तुकोबांची पालखी देहूहून निघून आकुर्डीला मुक्कामी येते, तेव्हा हे सारे औद्योगिक नगर एक दिवस माणसांत येते. पण गर्दीत गायलेले पद आणि घरी आल्यावरचे आचरण यांचा हिशेब ज्याचा त्यालाच मांडावा लागतो.

आणखी एक कबुली देते. बावीस वर्षांपूर्वी माझ्या सासऱ्यांच्या गळ्याला गाठ आली. कोणीतरी सुचवले आणि आम्ही एका देवीच्या स्थानी नवस बोललो, एक यंत्र आणून पूजले, गाठ थोडी मऊ वाटते असे एकमेकांना सांगत राहिलो. तीन महिने गेले. तपासणी झाली तेव्हा डॉक्टरांनी विचारले, "इतके दिवस काय करीत होता?" आम्ही सुशिक्षित होतो. रोज देवदर्शन करणारे, रात्रिभोजन न करणारे घर. देवमूढता या शब्दाचा अर्थ मी पाठशाळेत मुलांना शिकवीत होते. पुढे दीड वर्षाने ते गेले. ते तीन महिने हातात असते तर काय झाले असते, हे कोणी सांगू शकत नाही; म्हणूनच तो प्रश्न अजून संपलेला नाही.

अशी मी, तिसऱ्या मजल्यावरच्या शेजारणीला काय सांगणार होते?

संक्रांतीला मी तिला बोलावले. वाण दिले, बसवले, मुलाची विचारपूस केली. नंतर दोन-तीनदा तिच्याकडे जाऊन आले. एका दुपारी ती खाली आली. हातात गोळ्यांची पाकिटे होती.

"काकू, तुम्हाला एक विचारू का? कोणाला सांगू नका. प्रार्थनेच्या वेळी एकजण म्हणाले, लेकरू पूर्ण बरे झाले आहे, आता गोळ्या दिल्या तर तो अविश्वास ठरेल. बंद करू का?"

माझ्या पोटात गोळा आला. फिट्सच्या गोळ्या एकाएकी बंद केल्या तर लागोपाठ झटके येऊन जिवावर बेतू शकते. साधारणपणे दोन वर्षे किंवा अधिक काळ झटका आला नाही, तरच डॉक्टर मात्रा हळूहळू कमी करण्याचा विचार करतात. आणि तेही त्यांच्याच देखरेखीखाली. हे सारे मला त्या क्षणी नीट ठाऊक नव्हते. मी एवढेच म्हटले, "बाई गं, आम्ही एकदा नवसापायी तीन महिने घालवले आणि घरातले माणूस गमावले. तू प्रार्थना सोडू नकोस. गोळी पण सोडू नकोस. उद्या मी तुझ्याबरोबर डॉक्टरांकडे येते."

तिने मान डोलावली. मग म्हणाली, "आमच्या गटातल्या ताईपण हेच म्हणाल्या. त्या परिचारिका आहेत. त्या म्हणाल्या, डॉक्टरही देवानेच दिले आहेत. पण ते समोर उभे राहून इतक्या खात्रीने बोलले, म्हणून मी घाबरले. तुमच्या भाच्याला विचारणार होते. पण ते हसतील म्हणून नाही विचारले."

वाचकहो, या तीन वाक्यांवर मी अनेक दिवस विचार करीत आहे. ज्याला नेमके ठाऊक होते, त्याला ती विचारू शकली नाही. ज्याच्या बोलण्यात कसलीही शंका नव्हती, तो तिला खाईत लोटत होता. आणि तिला सावरणाऱ्या दोघींपैकी एक त्याच प्रार्थनागटातली, दुसरी वेगळ्या धर्माची. श्रद्धावंत एका बाजूला आणि विवेकी दुसऱ्या बाजूला, अशी सरळ रेघ त्या दुपारी तरी मला कोठे ओढता आली नाही.

म्हणून कोणत्याही श्रद्धास्थानाकडे, आपल्याही, पाहताना मी आता चार गोष्टी विचारते. येथे प्रश्न विचारणाऱ्याला पापी ठरवले जाते का? येथे औषध सोडायला सांगितले जाते का? येथे गोळा होणाऱ्या पैशाचा हिशेब सामान्य सभासदाला पाहता येतो का? आणि येथे आलेला गरीब माणूस चार रविवार आला नाही, तर कोणी त्याच्या घरी जाते का? पहिल्या तीन प्रश्नांत अनेक भव्य मंदिरे, मठ आणि चर्चे अडखळतील. चौथ्या प्रश्नात आपण अडखळू, अशी मला भीती आहे.

संविधानाच्या पंचविसाव्या अनुच्छेदाने प्रत्येकाला आपल्या सद्सद्विवेकबुद्धीनुसार श्रद्धा बाळगण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. त्यात श्रद्धा न बाळगण्याचेही आले. हे स्वातंत्र्य आपल्याला अल्पसंख्य म्हणून जेवढे प्रिय आहे, तेवढेच तिसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरूलाही असले पाहिजे. फसवणूक होत असेल, धाक घातला जात असेल, तर कायदा आहे आणि त्याचा आधार घ्यावाच. पण एकट्या पडलेल्या बाईने आधार शोधला म्हणून तिचे घर काढून घेणे हे कोणत्या धर्मात बसते? अनेकान्त ही केवळ व्याख्यानात सांगण्याची गोष्ट नाही. हत्ती आणि आंधळ्यांची गोष्ट आपण मुलांना सांगतो. त्या गोष्टीत आपणही एक आंधळे आहोत, हे सांगायचे बहुधा राहून जाते.

दुसऱ्या दिवशी आम्ही डॉक्टरांकडे गेलो. गोळ्या चालू राहिल्या. घरमालकाने करार वाढवला. त्या विषयावरच्या बैठकीत मी या वेळी गप्प राहिले नाही. भाच्याला मी सारी हकीकत सांगितली, तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही. नंतर त्याने एका कागदावर गोळ्यांच्या वेळा ठळक मराठीत लिहिल्या आणि वर जाऊन दिल्या. "वहिनी, मागे मी हसलो ते चुकले," एवढेच म्हणाला असे तिने मला सांगितले. त्याचे मत बदललेले नाही. तिचेही नाही. रविवारी ती प्रार्थनेला जाते, मी अभिषेकाला जाते आणि तो उशिरापर्यंत झोपतो.

पण त्याने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मला अजून द्यायचे आहे. मुलाच्या परीक्षेसाठी नारळ घेऊन पूजा मांडणाऱ्यांत आणि तिच्यात फरक काय? फारसा नाही, असे मी आता त्याला सांगितले आहे. दोघीही घाबरलेल्या आया आहेत. येत्या पर्युषणात क्षमायाचना करताना मी पहिल्यांदा तिसऱ्या मजल्यावर जाणार आहे. आपल्या इमारतीतही असे एखादे दार असेल. तेथे शेवटचे कधी गेला होता, हे प्रत्येकाने आठवून पाहावे, ही विनंती.